पर्ल मॉड्यूल: दुसऱ्याच्या मशीनवर चालण्यासाठी

पर्लमध्ये थोडेफार काम केलेल्या प्रत्येकाला एक त्रुटिसंदेश तोंडपाठ असतो. अमुक मॉड्यूल सापडले नाही, असे सांगून प्रोग्राम थांबतो आणि पर्लने ते कुठे कुठे शोधले त्या फोल्डरांची यादी पडद्यावर छापली जाते. बहुतेक जण ती यादी न वाचताच मॉड्यूल पुन्हा इन्स्टॉल करायला धावतात. खरे तर निम्मे उत्तर त्या यादीतच असते. मॉड्यूल मशीनवर असते, पण ज्या पर्लने प्रोग्राम चालवला त्याच्या यादीत ते फोल्डर नसते. किंवा फोल्डर असते, पण पर्लच्या जुन्या आवृत्तीचे. किंवा मॉड्यूल सापडते आणि त्याला लागणारे तिसरेच काहीतरी सापडत नाही.

लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर सुरळीत चालणारा कोड सर्व्हरवर, सहकाऱ्याच्या विंडोजवर किंवा मॅकवर का अडतो, हा प्रश्न सगळ्याच भाषांपुढे आहे. पर्लपुढे तो फार लवकर आला आणि पर्लवाल्यांनी त्यावर तीसहून अधिक वर्षे चिकाटीने काम केले. नोड, पायथन, रस्ट यांच्या आजच्या पॅकेज व्यवस्थांचे कौतुक होते ते योग्यच आहे, पण त्यातले कितीतरी धडे आधी पर्लच्या दुनियेत गिरवले गेले. म्हणून पर्ल न लिहिणाऱ्यानेही ही गोष्ट समजून घ्यावी असे मला वाटते.

पर्ल कालबाह्य झाले असा एक समज आहे. लिनक्स कर्नलमध्ये बदल पाठवण्याआधी जी तपासणीची स्क्रिप्ट चालवतात ती पर्लमध्ये आहे. ओपनएसएसएल सोर्सपासून बांधायचे तर पर्ल लागते. डेबियनची पॅकेजे तयार करणारी कित्येक साधने पर्लमध्ये आहेत आणि गिटमधून ईमेलने पॅच पाठवणारी आज्ञाही. पर्लची एक ओळही न लिहिणाऱ्याच्या मशीनवर पर्ल असे रोज चालत असते.

लॅरी वॉल यांनी पर्लची पहिली आवृत्ती १८ डिसेंबर १९८७ रोजी प्रसिद्ध केली. त्या काळी युनिक्स म्हटले तरी ते एक नव्हते. सन, एचपी, डीईसी, आयबीएम अशा प्रत्येक कंपनीचे आपापले युनिक्स असे. कुठे एखादे फंक्शन नसे, कुठे हेडर फाइल वेगळ्या नावाने असे, कुठे पूर्णांकाचा आकार वेगळा. वॉल यांनी यासाठी 'कॉन्फिगर' नावाची शेल स्क्रिप्ट वापरली. आरएन या आपल्या न्यूजरीडरसाठी त्यांनी हे तंत्र आधीच घडवले होते. ही स्क्रिप्ट मशीनच्या नावावरून नुसता अंदाज बांधत बसत नाही. छोटे छोटे सी प्रोग्राम लिहून, ते कंपाइल करून, चालवून ती मशीनलाच विचारते: हे फंक्शन तुझ्याकडे आहे का? पूर्णांक किती बाइटचा? बाइटचा क्रम कोणता? मिळालेली उत्तरे ती लिहून ठेवते आणि त्या उत्तरांवर पर्ल बांधले जाते.

ही उत्तरे पुढेही टाकून दिली जात नाहीत, आणि माझ्या मते इथेच वॉल यांची खरी दूरदृष्टी दिसते. प्रत्येक पर्लसोबत 'कॉन्फिग' नावाचे मॉड्यूल येते. त्यात ते पर्ल कोणत्या कंपायलरने, कोणत्या पर्यायांसह, कोणत्या आर्किटेक्चरसाठी बांधले आणि मॉड्यूल कुठे ठेवायची ठरली, याची शेकडो कलमे असतात. पर्लला कॅपिटल 'व्ही'चा पर्याय देऊन चालवले की त्यातली महत्त्वाची कलमे आणि शोधाच्या फोल्डरांची यादी एकदम समोर येते. मॉड्यूल का चालत नाही असे कुणी विचारले, तर सर्वांत आधी मागावी ती हीच माहिती.

मॉड्यूलची आज आपण ओळखतो ती व्यवस्था १७ ऑक्टोबर १९९४ रोजी आलेल्या पर्ल ५ बरोबर सुरू झाली. लोक धडाधड मॉड्यूल लिहू लागले आणि ती जगभरच्या एफटीपी सर्व्हरांवर विखुरली. टेक्स या अक्षरजुळणीच्या प्रणालीचे सीटॅन नावाचे भांडार तेव्हा होते. तो नमुना समोर ठेवून १९९५ मध्ये पर्ल मॉड्यूलांचे सीपॅन हे भांडार उभे राहिले. फिनलंडचे यार्को हिएतानिएमी यांनी ते चालवले आणि मूळ प्रत फिनलंडच्या विद्यापीठीय नेटवर्कच्या सर्व्हरवर राहिली. लेखकांनी मॉड्यूल चढवायचे 'पॉज' हे दार आणि ती उतरवून घेणारे पहिले साधन आंद्रेआस कोनिग यांनी लिहिले. आज सीपॅनवर दोन लाखांहून जास्त मॉड्यूल आहेत.

सीपॅनवर मॉड्यूल जाते ते एका टारबॉलमध्ये. तो उघडला की आत 'लिब' फोल्डरमध्ये मूळ कोड, 'टी' फोल्डरमध्ये टेस्ट, 'मॅनिफेस्ट' नावाची फाइलींची यादी, 'मेटा' नावाची माहितीची फाइल आणि 'मेकफाइल डॉट पीएल' अशी मंडळी दिसतात. इन्स्टॉल करण्याच्या चार पायऱ्या पर्लवाल्यांच्या बोटांना सवयीच्या आहेत. आधी मेकफाइल डॉट पीएल पर्लने चालवायची, मग मेक, मग मेक टेस्ट, शेवटी मेक इन्स्टॉल. या चारही पायऱ्यांमागे मेकमेकर नावाचे मॉड्यूल उभे असते.

यातली पहिली पायरी सगळ्यांत जास्त बोलकी आहे. मेकफाइल आयतीच का दिली जात नाही? कारण ती प्रत्येक मशीनवर वेगळी निघते. मेकफाइल डॉट पीएल हा स्वतःच एक पर्ल प्रोग्राम आहे. तो तुमच्या पर्लचे कॉन्फिग वाचतो, लागणारी मॉड्यूल आहेत का ते पाहतो, विंडोजवर असेल तर तिथल्या मेकला समजेल अशी मेकफाइल लिहितो आणि मॉड्यूलसोबत आज्ञा असतील तर त्यांच्या पहिल्या ओळीत तुमच्याच पर्लचा पत्ता घालतो. विंडोजला ती पहिली ओळ कळत नाही, म्हणून तिथे त्याच स्क्रिप्टची बॅच फाइल तयार होते. तयार सदरा विकत देण्याऐवजी शिंप्यालाच घरी माप घ्यायला पाठवावे, असा हा प्रकार आहे.

माप घेणाऱ्या प्रोग्रामलाही काही साधने लागतात आणि तिथे एक अडचण उभी राहते. समजा, मेकफाइल डॉट पीएलच्या पहिल्याच ओळीत एखादे मॉड्यूल वापरले आहे आणि ते मशीनवर नाही. मग आपल्याला काय लागते हे सांगण्याआधीच ती फाइल कोसळते. ही अडचण सुटायला बराच काळ गेला. उत्तर असे निघाले की टारबॉलमधली मेटा फाइल न चालवता नुसती वाचता यावी आणि तिच्यात गरजा टप्प्यांनुसार मांडाव्यात: जुळणीआधी काय हवे, बांधताना काय, टेस्टला काय आणि प्रत्यक्ष चालताना काय. शिवाय अनिवार्य काय, शिफारस कशाची आणि नुसते सुचवलेले काय, हेही तिथे वेगळे लिहिता येते. आता सीपॅनमायनससारखे साधन आधी मेटा वाचते, जुळणीआधीच्या गरजा भागवते आणि मगच मेकफाइल डॉट पीएलला हात घालते. तात्सुहिको मियागावा यांनी २०१० मध्ये आणलेल्या या साधनाने इन्स्टॉल करण्याचे काम इतके सोपे केले की नवशिक्याने दुसरे काही शिकण्याची गरज मला वाटत नाही.

मेकवरचे अवलंबनच काढून टाकावे म्हणून केन विल्यम्स यांनी मॉड्यूल-बिल्ड लिहिले. त्यात सगळे काम पर्लच करते, बाहेरचे मेक लागत नाही. पर्ल ५.१० पासून ते पर्लसोबत येऊ लागले आणि ५.२२ मध्ये बाहेर काढले गेले. कल्पना चांगली होती, पण मेकमेकर इतका खोल रुजला होता की तो हलला नाही. नवे मॉड्यूल लिहिणाऱ्याने आज मेकमेकरच वापरावा.

आता मॅनिफेस्ट. नवख्या लेखकांची पहिली फजिती बहुधा इथे होते. टेस्टला लागणारी एखादी नमुना फाइल लेखकाच्या डिस्कवर असते, म्हणून त्याच्याकडे सगळ्या टेस्ट पास होतात. पण मॅनिफेस्टमध्ये तिचे नाव घालायचे राहते आणि ती टारबॉलमध्ये जातच नाही. यावर 'मेक डिस्टटेस्ट' ही आज्ञा आहे. ती फक्त मॅनिफेस्टमधल्या फाइलींपासून नवे फोल्डर तयार करते आणि तिथे सगळ्या टेस्ट चालवते. मिनिटभराचे काम आहे. ते न करता मॉड्यूल चढवू नये.

शुद्ध पर्लमध्ये लिहिलेले मॉड्यूल इथपर्यंत तरून जाते. कसोटी लागते ती सी भाषेतला कोड आला की. पर्ल आणि सी यांना जोडणाऱ्या भाषेला एक्सएस म्हणतात. एक्सएसची फाइल आधी सी कोडमध्ये बदलते, तो सी कोड तुमच्या मशीनवर कंपाइल होतो आणि लिनक्सवर, मॅकवर, विंडोजवर त्या त्या प्रकारची लायब्ररी तयार होते. मशीनवर कंपायलर आणि पर्लच्या हेडर फाइली नसतील तर गाडी इथेच थांबते. बाहेरची एखादी सी लायब्ररी लागत असेल तर तीही हवी. नेट-एसएसएलईएवाय हे मॉड्यूल ओपनएसएसएलवर उभे आहे. डेबियनवर त्यासाठी 'लिबएसएसएल-डेव्ह' आणि रेडहॅटच्या कुळात 'ओपनएसएसएल-डेव्हेल' हे पॅकेज आधी टाकावे लागते. त्रुटिसंदेश मात्र सी कंपायलरच्या भाषेत येतो, त्यामुळे पर्लवाला गोंधळून जातो.

काही मॉड्यूलांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. डीबीडी-एसक्यूलाइट आपल्या पोटात संपूर्ण एसक्यूलाइटचा सी कोड घेऊनच येते. बाहेरचे काही लागत नाही आणि कंपायलर असेल तिथे ते बिनतक्रार बसते. एसक्यूलाइट लहान आहे, म्हणून हे जमते. ओपनएसएसएल असे पोटात घेता येणार नाही, घेऊही नये, कारण सुरक्षेची दुरुस्ती आली की प्रत्येक मॉड्यूल नव्याने बांधावे लागेल. मधला मार्ग 'एलियन' या आडनावाच्या मॉड्यूलांचा आहे. ती आधी मशीनवर लायब्ररी आहे का ते पाहतात आणि नसेल तरच उतरवून बांधतात. तिसरा मार्ग एकाच कामाची दोन रूपे ठेवण्याचा. जेसनसाठी वेगवान एक्सएस मॉड्यूल आहे आणि पर्लसोबतच येणारे शुद्ध पर्लचे जेसन-पीपीही आहे. वेगवान मिळाले तर ते घ्या, नाहीतर संथ घ्या, पण काम थांबवू नका. सर्वांसाठी मॉड्यूल लिहिणाऱ्याने शक्य तिथे हाच मार्ग धरावा असे माझे मत आहे.

कंपायलर हा विंडोजवर अनेक वर्षे मोठा अडसर होता. तिथे तो मुळात येतच नाही. ॲक्टिव्हस्टेट ही कंपनी आपल्या ॲक्टिव्हपर्लसाठी आधीच कंपाइल केलेली पॅकेजे पुरवायची. सोय होती, पण त्यांनी जे बांधले तेवढेच मिळायचे. ॲडम केनेडी यांनी सुरू केलेल्या स्ट्रॉबेरी पर्लने पर्लबरोबर सी कंपायलर आणि मेकही एकाच इन्स्टॉलरमध्ये दिले. तेव्हापासून विंडोजवाला सीपॅनवरचे मॉड्यूल लिनक्सवाल्यासारखेच थेट उतरवून बांधू शकतो. विंडोजवरचे पर्ल या एका निर्णयाने बदलले.

कंपाइल झालेल्या मॉड्यूलची आणखी एक अट पुष्कळांना ठाऊक नसते. पर्ल ५.३४ साठी बांधलेली लायब्ररी ५.३६ ला चालत नाही. थ्रेडसह बांधलेल्या पर्लची लायब्ररी थ्रेडविना बांधलेल्या पर्लला चालत नाही. उबुंटू किंवा डेबियन नव्या आवृत्तीवर नेले, पर्लही त्याबरोबर वर गेले, आणि घरच्या फोल्डरमध्ये पूर्वी टाकलेली मॉड्यूल अचानक 'लायब्ररी आणि पर्ल जुळत नाहीत' अशा अर्थाचा संदेश देऊ लागली, हा प्रसंग नेहमीचा आहे. शुद्ध पर्लची मॉड्यूल चालतात, एक्सएसवाली पडतात. उपाय एकच: नव्या पर्लने ती पुन्हा बांधायची. हेच मॅकबुकवरून बांधलेल्या मॉड्यूलांचे 'लोकल' फोल्डर उचलून लिनक्स सर्व्हरवर टाकणाऱ्याला भोवते. ॲपलच्या नव्या मॅकमध्ये एआरएम प्रोसेसर, सर्व्हर इंटेलच्या जातीचा आणि ऑपरेटिंग सिस्टिमही वेगळी. असे उचललेले फोल्डर चालणारच नाही.

सी कोड नसला तरी कोडमध्ये प्लॅटफॉर्मविषयीची गृहीतके लपलेली असतात आणि ती जास्त फसवी असतात. पर्लमध्ये चालू ऑपरेटिंग सिस्टिमचे नाव देणारा एक अंगभूत व्हेरिएबल आहे. विंडोज ओळखायचे म्हणून कित्येकांनी 'नावात विन आहे का' अशी तपासणी लिहिली. विंडोजवर ती बरोबर चालते. पण मॅकचे नाव त्या व्हेरिएबलमध्ये 'डार्विन' असे येते आणि डार्विनमध्ये 'विन' आहेच. मॅकवर बसलेला प्रोग्राम स्वतःला विंडोजवर समजून भलत्याच वाटेने जातो. 'सिग्विन'चीही तीच गत. पूर्ण नावाची बरोबरी तपासायची, आणि त्याहून बरे म्हणजे हवी असलेली सोय आहे की नाही हे थेट विचारायचे.

फाइलींच्या नावांत लहान आणि कॅपिटल अक्षरांचा भेद लिनक्स पाळते, विंडोज आणि मॅक एरवी पाळत नाहीत. पर्लमधली चुका पकडणारी 'स्ट्रिक्ट' ही सूचना चुकून कॅपिटल 'एस'ने लिहिली तर लिनक्सवर प्रोग्राम तत्काळ थांबतो, कारण त्या नावाची फाइल नाही. विंडोजवर मात्र जुन्या पर्लला फाइल सापडायची. पण त्यानंतर ते कॅपिटल नावाच्या पॅकेजची आयात करू पाहायचे, तसे पॅकेज नसायचे, आणि पर्ल काहीही न बोलता पुढे जायचे. प्रोग्रामरला वाटायचे कडक तपासणी सुरू आहे, प्रत्यक्षात ती सुरूच झालेली नसायची. दुसरे उदाहरण याहून महागात पडलेले. वेबसाठीच्या एलडब्ल्यूपी या लोकप्रिय संचासोबत कॅपिटल अक्षरांतली 'हेड' नावाची छोटी आज्ञा यायची. युनिक्सची फाइलच्या पहिल्या ओळी दाखवणारी 'हेड' लहान अक्षरांतली. जुन्या मॅक ओएस एक्सवर एलडब्ल्यूपी टाकताना नवी आज्ञा जुन्या आज्ञेच्या जागी जाऊन बसली आणि त्या साध्या आज्ञेवर विसंबलेल्या स्क्रिप्ट बिघडल्या.

आपल्या भाषेशी थेट संबंध असलेली एक अडचण इथे सांगायलाच हवी. मराठीत 'दुसऱ्या', 'सुऱ्या' अशा शब्दांत येणारा 'ऱ' युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता अशी जोडी म्हणून. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था नावे साठवताना अक्षरे सुटी करायची. 'दुसऱ्या' नावाची फाइल तुम्ही एका अक्षराच्या 'ऱ'ने तयार केली आणि फोल्डर वाचून तेच नाव शोधले, तर ते जुळायचे नाही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, बाइट मात्र वेगळे. पर्लसोबत येणारे युनिकोड-नॉर्मलाइज मॉड्यूल दोन्ही नावे एका रूपात आणते, आणि तुलना करण्याआधी ते वापरणे हाच मार्ग आहे.

विंडोजवरचा प्रश्न आणखी बिकट. तिथे पर्लची नेहमीची फाइल फंक्शन जुन्या आठ बिटी कोडपेजमधून जातात, आणि देवनागरीसाठी विंडोजमध्ये असे कोडपेज नाहीच. देवनागरी नावाच्या फाइलचे खरे नाव पर्लपर्यंत पोहोचत नाही. त्याऐवजी प्रश्नचिन्हे किंवा जुन्या पद्धतीचे आखूड नाव हाती येते. उलट पर्लने देवनागरी नावाने फाइल तयार केली तर एक्सप्लोररमध्ये ती अगम्य अक्षरांत दिसते. यासाठी विन३२-लाँगपाथसारखी वेगळी मॉड्यूल वापरावी लागतात. एखाद्याने विंडोजवर आपल्या खात्याचे नाव देवनागरीत ठेवले असेल तर त्याचे घरचे फोल्डरच या अडचणीत सापडते. इंग्रजी नावांच्या मशीनवर बसलेल्या लेखकाला हे कधी दिसणारच नाही. मराठी, हिंदी वापरणाऱ्यांनीच ते नोंदवायला हवे.

आकड्यांचेही तसेच. बत्तीस बिटच्या चिन्हविरहित पूर्णांकाची मर्यादा ४२९ कोटींच्या आसपास संपते. भारतातले दहा आकडी मोबाइल क्रमांक ६०० कोटींच्या पुढचे. बत्तीस बिटी पर्लवर असा क्रमांक पूर्णांक म्हणून छापायला गेले तर भलताच आकडा येतो. मोबाइल क्रमांक ही बेरीज-वजाबाकीची संख्या नव्हे, ती मजकूर म्हणूनच ठेवावी. विंडोजवर उघडी असलेली फाइल पुसता येत नाही, त्यामुळे फाइल बंद न करता पुसणारी टेस्ट लिनक्सवर पास होते आणि विंडोजवर नापास. तात्पुरत्या फाइलींसाठी 'टेम्प'चा पत्ता हाताने लिहिण्याऐवजी फाइल-टेम्प, पत्ते जोडायला फाइल-स्पेक, प्रत काढायला शेलच्या आज्ञेऐवजी फाइल-कॉपी ही मॉड्यूल पर्लसोबतच येतात. ती वापरली की यातल्या निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत.

एवढी गृहीतके एकट्या लेखकाला कशी दिसणार? त्याच्याकडे व्हीएमएस नाही, एआयएक्स नाही, आयबीएमचा मेनफ्रेम तर नाहीच. पर्लच्या लोकांनी यावर जे उभे केले ते मला या सगळ्या व्यवस्थेतले सर्वांत सुंदर काम वाटते. ग्रॅहम बार आणि ख्रिस नँडर यांनी १९९८ मध्ये सीपॅन टेस्टर्सची सुरुवात केली. जगभरचे स्वयंसेवक आपापली मशीन या कामाला देतात. सीपॅनवर नवे मॉड्यूल आले की ती मशीन ते आपोआप उतरवतात, बांधतात, त्याच्या टेस्ट चालवतात आणि अहवाल पाठवतात. लेखकाला एक तक्ता मिळतो. एका बाजूला पर्लच्या आवृत्त्या, दुसऱ्या बाजूला ऑपरेटिंग सिस्टिम, आणि प्रत्येक चौकटीत पास किंवा नापास. फ्रीबीएसडीवर एकाच आवृत्तीत टेस्ट पडली तर तिचा पूर्ण तपशील, म्हणजे कॉन्फिग आणि मॉड्यूलांच्या आवृत्त्या, एका क्लिकवर वाचता येतो. असे कोट्यवधी अहवाल आजवर जमा झाले आहेत. त्यासाठी लेखकाला एक रुपया मोजावा लागत नाही.

हे शक्य झाले कारण टेस्टचा निकाल सांगण्याची रीत फार आधी ठरली होती. पहिल्याच पर्लच्या टेस्ट 'ओके १', 'नॉट ओके २' अशा साध्या ओळी छापायच्या. हीच रीत पुढे टॅप या नावाने ओळखली जाऊ लागली. कोणतेही मशीन, कोणतीही भाषा या ओळी वाचू शकते. आणि टेस्टर्सचा फायदा घेण्याची एक युक्ती प्रत्येक लेखकाने लक्षात ठेवावी: आवृत्तीच्या क्रमांकात अधोरेखा घालून मॉड्यूल चढवले की ते चाचणीची आवृत्ती समजले जाते. सामान्य वापरकर्त्याला ते आपोआप मिळत नाही, टेस्टर्स मात्र ते तपासतात. आठवडाभर तक्ता पाहावा, नापास चौकटी दुरुस्त कराव्यात, आणि मग पक्की आवृत्ती काढावी.

मॉड्यूल सीपॅनवर नीट आले, तरी ते सर्व्हरवर चढवण्याचे काम उरतेच. इथे माझा पहिला आग्रह असा की ऑपरेटिंग सिस्टिमसोबत आलेल्या पर्लमध्ये ढवळाढवळ करू नका. ते पर्ल सिस्टिमच्या स्वतःच्या साधनांसाठी असते. त्यातले एखादे मॉड्यूल तुम्ही वरच्या आवृत्तीवर नेले आणि सिस्टिमचे साधन मोडले, तर दोष शोधायला दिवस जातो. ॲपलने तर २०१९ मध्येच सांगून ठेवले आहे की पर्लसारख्या भाषा पुढच्या मॅकओएसमध्ये मुळात नसतील अशी शक्यता आहे. सिस्टिमच्याच पर्लवर काम करायचे असेल तर वितरणाची पॅकेजे वापरावीत. डेटटाइम हे मॉड्यूल डेबियनमध्ये 'लिबडेटटाइम-पर्ल', फेडोरामध्ये 'पर्ल-डेटटाइम' आणि फ्रीबीएसडीमध्ये 'पी५-डेटटाइम' या नावाने मिळते. ती पॅकेजे त्या पर्लशी जुळवून बांधलेली असतात आणि त्यांच्या सुरक्षादुरुस्त्या वितरणाकडून येत राहतात. थोडी जुनी आवृत्ती चालत असेल तर याहून निश्चिंत मार्ग नाही.

नवी आवृत्ती हवी असेल तर पर्लब्रू या साधनाने स्वतःचे पर्ल वेगळे बांधा आणि मॉड्यूल प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच ठेवा. मियागावा यांचेच कार्टन हे साधन त्यासाठी आहे. सीपॅनफाइलमध्ये आपल्याला काय लागते ते लिहायचे. कार्टन ते उतरवते आणि प्रत्येक मॉड्यूलची नेमकी आवृत्ती स्नॅपशॉट फाइलमध्ये नोंदवते. ही फाइल गिटमध्ये ठेवली की सर्व्हरवर त्याच आवृत्त्या येतात, चार महिन्यांनीही. सर्व्हरला इंटरनेट नसेल, तर कार्टन सगळे टारबॉल एका फोल्डरमध्ये गोळा करून देते. टारबॉलच न्यायचे हे महत्त्वाचे, बांधलेला निकाल नाही, म्हणजे सर्व्हर आपल्या पर्लसाठी ते स्वतः बांधतो. कंटेनर वापरणाऱ्यांनीही हेच करावे. फक्त अल्पाइन ही प्रतिमा निवडताना जपावे, कारण तिची मूळ सी लायब्ररी वेगळी असते आणि डेबियनवर कंपाइल केलेले मॉड्यूल तिथे चालत नाही.

वापरणाऱ्याकडे पर्लच नसेल तर? ऑड्रे टँग यांनी सुरू केलेल्या पार या प्रकल्पाचे 'पीपी' हे साधन स्क्रिप्ट, मॉड्यूल आणि पर्ल सगळे एका फाइलमध्ये बांधते. चालवताना ती फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते. विंडोजवरच्या बिगर-तांत्रिक माणसाला द्यायला हे उत्तम. दोन मर्यादा मात्र आहेत. विंडोजसाठीची फाइल विंडोजवरच बांधावी लागते. आणि ज्या मॉड्यूलचे नाव प्रोग्राम चालताना ठरते ते पीपीला कोड वाचून दिसत नाही, त्याचे नाव हाताने सांगावे लागते.

शेवटी २०१७ ची एक घटना. त्या वर्षी ३० मे रोजी आलेल्या पर्ल ५.२६ ने शोधाच्या यादीतून चालू फोल्डर काढून टाकले. सुरक्षेसाठी ते गरजेचे होते, कारण टेम्पसारख्या सर्वांना लिहिता येणाऱ्या फोल्डरमधून प्रोग्राम चालवला तर दुसऱ्याने तिथे ठेवलेले मॉड्यूल उचलले जाऊ शकत असे. पण चालू फोल्डर यादीत असणारच असे धरून चाललेली शेकडो मॉड्यूल त्या दिवशी बांधता येईनाशी झाली. तात्पुरती सवलत म्हणून एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दिला गेला, टेस्टर्सच्या तक्त्यांवरून कोणती मॉड्यूल पडतात ते कळले आणि त्यातली बहुतेक दुरुस्त झाली.

तुमच्या ऑफिसात वर्षानुवर्षे चालत असलेली एखादी पर्ल स्क्रिप्ट असेल, जी लिहिणारा कधीच निघून गेला आहे, तर तिच्या शेजारी या आठवड्यात एक सीपॅनफाइल लिहा. कोऱ्या कंटेनरमध्ये ती स्क्रिप्ट चालवून पाहा. जे जे अडेल ते त्या फाइलमध्ये नोंदवा, आणि सर्व्हर बदलण्याची वेळ येण्याआधी हे काम संपवा.